डाग नसलेलं मत

“हात पुढं कर,” तात्या म्हणाला.

मी केला. डाव्या हातानं उजव्याचं मनगट धरलं. देवळाची झाडलोट करणारी हौसाआक्का पायरीवर ताट धरून उभी होती. तिनं मान वर केली नाही. तात्यानं ताटातला मूठभर भंडारा माझ्या तळहातावर ओतला, वर बेलाचं पान ठेवलं आणि स्वतःच्या हातानं माझी बोटं मिटवली. त्याचा हात गार होता आणि लोण्यासारखा मऊ. खडी फोडायच्या मशीनचा मालक, आणि हात असा.

“म्हण, खंडोबाच्या आणेनं.”

“खंडोबाच्या आणेनं.”

“आमच्या घरचं मत बसगाडीला.”

“आमच्या घरचं मत बसगाडीला.”

“फिरलो तर आमच्या लेकराचं वाटोळं होवो.”

मी ते ओठांतल्या ओठांत म्हटलं.

“मोठ्यानं बोल. देवाला कमी ऐकू येतं.”

मागं उभी असलेली त्याची पोरं खिदळली. मी बोलले. माझ्या वैजूचं वाटोळं होवो, असं मी माझ्या तोंडानं, भर सकाळी, देवासमोर बोलले. मग माझ्या नवऱ्याची पाळी आली. एवढ्या गर्दीत चपला काढून उभा राहिलेला तो एकटाच. डोळे मिटून त्यानं भंडारा घेतला आणि सगळं एका दमात म्हटलं. मधे कुठं अडखळला नाही. तेव्हाच मी ओळखलं, शाळा गेली आणि पोरगीही गेली.

नवऱ्याचं नाव भानुदास. तोंडावर मी त्याला अहोच म्हणायची. लिहिताना अरेतुरे करते. असं सलग लिहायला मी पस्तिशीनंतर स्वतःच्या जिवावर शिकले, त्यामुळं ते कसं लिहायचं हे मला कोणी सांगू नये.

मत कशाचं होतं ते सांगते. आमच्या शहरातल्या महापालिकेच्या बारक्या बारक्या शाळा बंद करून पोरांना मोठ्या इमारतींत हलवायचं, असा घाट घातला होता. उगाच बोंब नको म्हणून साहेबलोकांनी युक्ती काढली. पालकांनाच विचारा. प्रत्येक शाळेत, एकाच रविवारी, घरटी एक मत. ज्या शाळेचे पालक नको म्हणतील ती शाळा राहील. कागदावर दोन चित्रं. शाळा आहे तिथंच हवी असेल तर घंटेवर शिक्का, हलवायची असेल तर बसवर. चित्रं ज्यानं ठरवली तो हुशार माणूस. घंटा आमच्याकडं होतीच, चीर गेलेली. बस कोणाकडं होती?

आमच्या वस्तीचं नाव खडीमशीन. शाळा हायवेला लागून, आणि तात्याचा डोळा त्या जागेवर. नवी इमारत हायवेच्या पलीकडं. दहावीपर्यंतचे वर्ग आमच्या शाळेला नुकतेच जोडले होते. माझी वैजू आठवीत होती. मी चौथीत शाळा सोडली ती माझ्या बापाच्या इच्छेनं. वैजूनं दहावी करायची, ही माझी इच्छा. घरात माझ्या मालकीची तेवढी एकच गोष्ट.

आदल्या दिवशी संध्याकाळी मी भाकऱ्या थापत होते आणि भानुदास दारातल्या आरशात बघून दाढी करत होता. वैजूचा आरसा तो, तळहाताएवढा, चौकटीला खिळ्यावर टांगलेला.

“शाळा हायवेपलीकडं गेली तर पोरगी जाणार नाही,” तो म्हणाला. “मी टिपर चालवतो. त्या रस्त्यावर टिपर कसे पळवतात ते मला ठाऊक आहे.”

“बस देणार म्हणतात.”

“तात्याची बस?” तो आरशातच हसला. “महिनाभर येईल. मग डिझेल महाग होईल.”

“मग मारा घंटेवर शिक्का. सोपं आहे.”

त्याचा वस्तरा थांबला.

“उद्या सकाळी देवळात बोलावलंय त्यानं. बेलभंडारा उचलायला लावणार.”

“लावू दे. हळदच आहे.”

“गप बस!” तो ओरडला, आणि वैजूनं वहीतून मान वर केली. मग आवाज खाली आणून म्हणाला, “माझ्या बापानं बांधाच्या भांडणात खोटा भंडारा उचलला होता. वर्षाच्या आत तोंड वाकडं झालं. लाळ गळायची, मी पुसायचो. मरेपर्यंत त्याला माझं नाव घेता आलं नाही. तू बघितलंयस?”

मी बघितलं नव्हतं. त्यानं बघितलं होतं, म्हणून मी भंडाऱ्याचं सोडून पोरीचं विचारलं.

“आणि शाळा गेली तर वैजूचं काय?”

“नात्यातलं स्थळ आलंय. दिवाळीनंतर उजवून टाकू. घरात बसवून काय करायचं?”

तवा माझ्या हातातून निसटला. वैजूनं वही मिटली.

आता कोणी विचारेल, एका तात्याला एवढं काय भ्यायचं. वस्तीत सर्जेराव टेलर म्हणून एक होता. त्यानं तात्याविरुद्ध एक अर्ज केला होता, वस्तीच्या पाण्याचा. महिनाभरात त्याचा उजवा हात खडीमशीनच्या पट्ट्यात गेला. टेलर मशीनवर कशाला गेला होता, हे कोणी विचारलं नाही. पट्टा त्या दिवशी बंद होता, हे कोणी बोललं नाही. मीही नाही. आमची झोपडी तात्याच्या जागेत, भानुदासचा टिपर तात्याचा. आम्ही सकाळी श्वास घ्यायचो तो त्याच्याच मशीनची धूळ होती.

तर भंडारा देऊन झाल्यावर तात्यानं सगळ्यांना देवळासमोर उभं केलं.

“मूठ उघडायची नाही. झाडायची नाही, पुसायची नाही. मत देणाऱ्यानं त्याच हातानं शिक्का मारायचा. चला.”

गुरं हाकावीत तशी त्याची पोरं पुढंमागं चालायला लागली. पुरुष पुढं, बाया मागं. माझी मूठ घामानं ओली झाली होती. शेजारी जैतुनबी चालत होती. तिचा नवरा धुळीनं गेला, छातीत खडी साठून. आमच्याकडं बाप असेच जायचे, म्हणून मत देणाऱ्यांत विधवाच जास्त होत्या.

“तुलापण भंडारा दिला?” मी विचारलं.

“दिला की. मी म्हटलं, मला कशाला? तो म्हणतो, हातात धर. माझी शपथ त्यानं नुसत्या डोळ्यांनी घेतली.” मग ती माझ्या कानाशी आली. “कळलं का तुला, हे कशाला? बोटं कागदाला लागणार. मोजताना तो बघत बसणार. ज्याचा कागद पिवळा नाही त्यानं हात झाडला, म्हणजे तो फिरला.”

मी मूठ आणखी घट्ट आवळली.

“पण सुगंधा, सगळ्यांचेच कागद पिवळे. मग कोणता कुणाचा, हे कसं कळणार त्याला?” ती खोकल्याचं निमित्त करून तोंडावर पदर घेऊन हसली. “हात पिवळा ठेवायचा आणि पाहिजे तिथं मारायचा. सांग पुढं.”

मी पुढच्या बाईला सांगितलं. तिनं तिच्या पुढच्या बाईला. असं कुजबुजत बायांच्या रांगेतून गेलं आणि जिथं पुरुषांची रांग सुरू व्हायची तिथं थांबलं, कारण मधे तात्याचा पोरगा पिंट्या चालत होता. मला भानुदासची फक्त पाठ दिसत होती. आणि त्याला सांगून तरी काय फायदा? तो तर बसवरच मारणार होता. बेलभंडाऱ्याला भिणारा माणूस तो.

शाळेच्या फाटकात आल्यावर भानुदासनं पिंट्याला करंगळी दाखवली.

“आत्ता?” पिंट्या म्हणाला.

“लय लागलीय.”

“जा, जा. भानूभाऊला भीतीनंच लागली!” सगळे हसले. मीपण खाली मान घातली. असल्या वेळेला ह्याला हेच सुचतं, असं वाटून मला त्याचा संताप आला. तो मुतारीच्या मागं गेला. तिकडं नळ होता. परत आला तेव्हा पँटीला हात पुसत होता. माझ्याकडं त्यानं बघितलं नाही.

मोठ्या वर्गात टेबल मांडलं होतं. फळा आडवा करून त्याच्या आडोशाला शिक्का मारायचा. महापालिकेचे साहेब तरुण होते, शर्टाची वरची गुंडी लावलेले. तात्या त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसला. खुर्ची त्याला कोणी दिली नव्हती.

भानुदास फळ्यामागं गेला. मी खिडकीतून बघत होते. फळ्याखालून फक्त त्याचे पाय दिसत होते. इथंही त्यानं चपला काढल्या होत्या. त्या पायांकडं बघत मी मनात म्हणत होते, मार बाबा घंटेवर. मार. मग लगेच, नको मारू, सर्जेरावचा हात आठव. मग परत, मार. पाय बराच वेळ हलले नाहीत. मग तो बाहेर आला, कागद पेटीत टाकला आणि भिंतीला जाऊन टेकला. चेहरा असा, जणू कोणाला पोचवून आलाय.

दुपारी तिथंच मोजणी. सगळ्यांना वर्गात घेतलं. तात्याचा हुकूम, निकाल ऐकल्याशिवाय कोणी जायचं नाही. मी भानुदासच्या शेजारी जाऊन उभी राहिले. माझी मूठ अजून मिटलेलीच होती. मला मत नव्हतं, त्यामुळं ती उघडायची केव्हा, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.

साहेब एकेक कागद उचलून वाचायला लागले.

“बस. बस. बस.”

तात्या पान लावत होता. कागदांवर पिवळे अंगठे उमटलेले मला एवढ्या लांबून दिसत होते.

“बस. घंटा. बस. घंटा.”

तात्याचा चुना लावायचा हात थांबला.

“घंटा. घंटा. घंटा.”

बाया खाली बघत होत्या, शाळेत गणित न आलेल्या पोरींसारख्या. जैतुनबी तसबीच्या माळेचे मणी ओढत होती. तात्या उठला आणि साहेबांच्या खांद्यावर वाकून उभा राहिला. एकेक पिवळा कागद बघत होता, बसचा पिवळा, घंटेचाही पिवळाच. त्याच्या मानेची शीर फुगलेली मला दिसली, आणि खोटं कशाला बोलू, मला तेवढ्यापुरतं बरं वाटलं.

मग त्यानं हात घालून एक कागद उचलला.

“अहो, ते… तुम्हाला हात लावता येत नाही,” साहेब म्हणाले.

“चहा घ्या साहेब. गार होतोय.”

त्यानं कागद उजेडात धरला. उलटा केला. पांढरा. एक डाग नाही, एक बोट नाही. मधोमध घंटेवर निळा शिक्का.

“दार लावा रे,” तात्या म्हणाला.

पिंट्यानं कडी घातली.

“एक जण हात धुऊन आलाय. देवाचा भंडारा धुतलाय एकानं. बाकीच्यांचं मी नंतर बघतो. आधी हा कोण ते बघू. हात पुढं करा सगळ्यांनी.”

मी भानुदासच्या हाताकडं बघितलं.

तो त्यानं मांडीला लावून धरला होता. स्वच्छ. नखं सुद्धा स्वच्छ. सगळ्या वर्गात कोणाचा नव्हता एवढा स्वच्छ.

आधी मला कळेना. हा तर बसवर मारणार होता. ह्यानं तर डोळे मिटून, न अडखळता शपथ घेतली होती. मग कळलं. पांढरा कागद ह्याचा होता. घंटेवर शिक्का मारला होता माझ्या नवऱ्यानं, आणि मारून असा उभा होता, स्वतःच्या हातानं स्वतःला पकडून देऊन.

पहिल्या रांगेपासून तात्या एकेक पंजा बघत येत होता. पिवळा. पिवळा. पुढं.

लग्नाला पंधराएक वर्षं झाली होती. चारचौघांत मी ह्या माणसाच्या सावलीला कधी सावली लावली नव्हती. आमच्यात तसं करत नाहीत. मी मूठ उघडली. सकाळचा भंडारा घामानं भिजून आत लगदा झाला होता. मी त्याचा हात धरला. बोटांत बोटं घातली आणि चोळायला लागले.

त्यानं हात ओढला.

“सोड,” तो पुटपुटला.

“गप उभे राहा.”

“सोड मला. लावू नको ते.”

“वेड लागलंय का तुम्हाला?”

“सुगंधा, नको. पाया पडतो तुझ्या. लावू नको.”

त्याचे डोळे भरले होते. मला वाटलं, भीतीनं ह्याचं डोकं फिरलं. तात्या दोन माणसांवर आला होता. मी नखं रुतवून त्याचा हात धरून ठेवला, आणि तळवा, बोटं, नखांच्या कडा, सगळं चोळलं. बेलाच्या पानाचा चुरा त्याच्या बोटांत अडकला. तो हात ओढतच होता, तेवढ्यात तात्या समोर.

तात्यानं आमचे गुंतलेले हात बघितले.

“वा भान्या! परत लग्न लागलं काय?”

पिंट्या हसला, म्हणून सगळे हसले. मी हात सोडला. तात्यानं भानुदासचा पंजा उचलला, उताणा केला, नाकाशी नेला. पिवळा होता. पण त्यानं अंगठ्यानं तळवा दाबून बघितला.

“ओला का रे एवढा?”

तात्या त्याच्या डोळ्यांत बघत राहिला. भानुदासला खोटं बोलता यायचं नाही. अजून दोन क्षण गेले असते तर तो खरं बोलला असता, मला माहिती आहे.

“घाम आहे,” मी म्हणाले. “तुम्ही समोर आल्यावर कोणाचा हात कोरडा राहील, तात्या?”

तात्यानं माझ्याकडं बघितलं. मग त्याच्या तोंडावर हळूहळू हसू पसरलं. असल्या माणसांना दुसरं काही दिलं नाही तरी चालतं. आपली भीती दिली की त्यांचं पोट भरतं. माझी त्या दिवशी खरीच होती, त्यामुळं त्याला गोड लागली असणार.

“बायको हुशार आहे तुझी,” तो म्हणाला आणि पुढं सरकला.

सगळे हात बघून झाले. सगळे पिवळे. साहेबांनी चाचरत निकाल सांगितला, घंटा. तात्यानं तो पांढरा कागद चुरगाळून पानाच्या पिचकारीबरोबर कोपऱ्यात टाकला.

“मी कशाला काही करू?” दारातून वळून म्हणाला. “लेकरांची आण खाल्लीय तुम्ही. देवच बघून घेईल.”

त्या वाक्यावर आनंदानं कोणी ओरडलं नाही. बायांनी आपापली पोरं शोधली आणि गुपचूप घरी गेल्या.

आम्हीही निघालो. नाल्याच्या पुलावर भानुदास थांबला आणि हाताकडं बघत राहिला.

“कशाला लावलंस?”

“कशाला म्हणजे? सर्जेराव झाला असता तुमचा.”

“झालं असतं तर झालं असतं.” तो कठड्याला टेकला. “शपथ लेकराची होती. भंडाऱ्याच्या हातानं शिक्का मारला असता तर वैजूला लागली असती. म्हणून धुतला. म्हटलं, देवाचा हात नको. हे माझ्या एकट्याच्या हातानं होऊ दे. मग जे काय व्हायचं ते माझं होईल. माझ्या बापाला झालं तसं.”

अर्ध्याहून जास्त खडीमशीननं पिवळ्या हातांनी बेधडक खोटं टाकलं होतं. देवाचा मान राखायला हात धुणारा हा एकटा, आणि पकडला जाणार होता तोही हाच.

“कागद पिवळा होतो, हे आलं नाही का लक्षात?”

“कागदाकडं कोण बघतंय,” तो म्हणाला. “मी वर बघत होतो.”

पुढं काय झालं ते थोडक्यात सांगते, कारण त्यात सांगण्यासारखं कमी आहे. पेपरात आलं, पालकांचा उत्स्फूर्त कौल. शहरातल्या बहुतेक शाळांनी बसवर शिक्के मारले होते. किती जणांनी कशाच्या आणा घेऊन मारले, ते पेपरात नव्हतं. आमच्यासारख्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या शाळा राहिल्या. तात्यानं भानुदासचा टिपर काढून घेतला. कारण सांगितलं नाही, आणि आम्ही विचारलं नाही. तो हमाली करायला लागला. स्थळाला त्यानं स्वतः जाऊन नकार कळवला. वैजूची दहावी त्याच शाळेत झाली. त्यानंतर दोन-तीन वर्षांत शाळा पडलीच, दुसऱ्याच कुठल्या तरी कागदावर, आम्हाला कोणी न विचारता. तिथं आता गाड्यांची शोरूम आहे.

भानुदास मात्र त्या रविवारनंतर रोज सकाळी उठला की आधी दारातल्या आरशापुढं उभा राहायचा. दाढी नसली तरी. ओठ डावीकडं ताणायचा, मग उजवीकडं. गाल फुगवायचा. स्वतःशी हळूच माझं नाव म्हणून बघायचा, मग वैजूचं. वर्षानुवर्षं. वैजू सासरी गेली, जाताना आरसा आमच्यासाठी ठेवून गेली, तरी त्याचं हे चालूच होतं. देवाला न मानणारी मीसुद्धा चुलीपासून चोरून बघायची, आणि तो दोन्ही नावं नीट म्हणेपर्यंत माझा हात कामाला लागत नसे.

मग मी म्हणायची, “सरळ आहे तोंड. या, चहा घ्या.”